पाणजाईचं उतरवलेलं छप्पर

कुंभरवण्याच्या वरच्या अंगाला, जिथं डांबरी रस्ता संपतो आणि देवराई सुरू होते, तिथं पाणजाईचं देऊळ आहे. देऊळ म्हणायचं ते सवयीनं. चौथरा आहे, कोरीव दगडी खांब आहेत, खांबांच्या माथ्यावर तुळया बसवायच्या खाचासुद्धा आहेत. पण वर छप्पर म्हणून काही नाही. मध्ये देवीची काळी शिळा ऊनपाऊस अंगावर घेत उभी आहे आणि तिच्या पायाशी झरा आहे. येणारा प्रत्येक पाहुणा पहिला प्रश्न हाच विचारतो, की छप्पर पडलं कधी? मग चौथऱ्यावर पानाचा डबा उघडून बसलेले शिवराम गुरव, म्हणजे गावाचे तात्या, चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "पडलं नाय. उतरवलं."

एवढं बोलून ते पान लावायला घेतात. ज्याला घाई असेल तो फोटो काढून निघतो. जो बसतो त्याला गोष्ट मिळते.

ही गोष्ट किती जुनी, यावर गावात एकमत नाही. बंदरात शिडाची गलबतं लागत होती तेव्हाची, एवढंच सांगतात. त्या काळी पाणजाईला देऊळच नव्हतं म्हणे. रानात शिळा, शिळेच्या बुडाशी झरा, आणि भोवती देवीच्या नावानं राखलेली देवराई, जिच्यातली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी न्यायची नाही. वैशाखात गावातल्या विहिरी तळ दाखवायच्या, पण हा झरा कधी आटला नाही. वरची वाडी, खालची वाडी, सगळ्यांचे हंडे इथंच. गावाला काही अडलं, बांधाची भांडणं, पालखीचा मान, पेरणीचा दिवस, की देवीला कौल लावायचा. गुरवानं तगरीच्या दोन पाकळ्या ओल्या करून शिळेला चिकटवायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. सगळा गाव भोवती उभा. पाकळी कुठली पडली हे पोरासोरांनाही दिसायचं, त्यामुळं वाद घालायला जागाच नसायची.

तेव्हाचा गुरव भानजी. स्वभावानं भिडस्त, कुणाच्या तोंडावर नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. बायको सोनकी मात्र बोलायची कमी आणि बघायची जास्त. आणि गावचा खोत होता रायाजी.

रायाजी खोत दुष्ट होता असं कुणी समजू नये. तात्या इथं पान थांबवून हे बजावतात. खोताची गलबतं होती, बंदरात वखार होती, आणि देण्याला हात मोकळा होता. एका दुष्काळात त्यानं आपल्या अंगणात चूल मांडून अख्ख्या गावाला पेज घातली. ते गाव विसरलं नाही, विसरूही नये. मग त्यानं देवीला पितळेची मोठी समई दिली. मग नवी पालखी दिली. मग शिमग्यात पालखीत बसवायचा रुप्याचा मुखवटा दिला. पालखी त्याची, मुखवटा त्याचा, तेव्हा आजवर आधी खालच्या वाडीला जाणारी पालखी आधी खोताच्या अंगणात थांबू लागली. कुणी तसं सांगितलं नव्हतं. भोई आपणहून तिकडं वळले.

शिमग्यात नमन खेळणाऱ्या खेळ्यांना त्यानं नवे झगे शिवून दिले, पायात चाळ दिले. खेळ्यांच्या गणात, म्हणजे खेळाआधीच्या देवाच्या गाण्यात, पाणजाई कशी प्रकटली ते गातात. जुन्या गाण्यात होतं, की रानात कंद खणायला आलेल्या एका गरीब बाईच्या पहारीखाली झरा फुटला आणि तिनं तिथं शिळा उभी केली; तिचं नावही गाण्यात होतं. नवे झगे अंगावर आले त्या वर्षी गाण्यात खोताचा पणजा आला. त्याच्या स्वप्नात देवी गेली म्हणे, आणि त्यानं झरा शोधला. पुढच्या वर्षी त्या बाईला फक्त एक ओळ उरली. त्याच्या पुढच्या वर्षी तीही गेली. रायाजीनं गाणं बदला असं एका शब्दानं म्हटलं नव्हतं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं आपल्याकडं उगाच म्हणत नाहीत.

शेवटी त्यानं देऊळ बांधायला काढलं. घाटावरून पाथरवट आणले, खांब कोरून घेतले, भिंतींना सागवानी फळ्या, दाराला कडीकुलूप, झऱ्याचं पाणी बाहेर काढायला दगडी पन्हळ, आणि वर तांब्याच्या पत्र्याचं छप्पर. ऊन पडलं की ते खाडीतल्या गलबतांवरून दिसायचं. कळस चढला त्या दिवशी खोतानं भरल्या मंडपात भानजीच्या उजव्या हातात रुप्याचं कडं घातलं. भानजीला भरून आलं. आयुष्यभर त्यानं पावसात भिजत, कांबळं डोक्यावर घेऊन पूजा केली होती. आता कोरडं बसून करता येणार होती. तो घरी येऊन सोनकीला म्हणाला, "देवमाणूस हाय." सोनकीनं कड्याकडं बघितलं आणि चुलीत लाकूड सारलं.

गाभारा अंधारा झाला, एवढंच एक झालं. आत मावायची दोनच माणसं. पूजा करणारा गुरव, आणि देऊळ बांधणारा म्हणून खोत. गाव बाहेर मंडपात सावलीला बसायचं. भानजीनं आत पाकळ्या लावायच्या, पडलेली पाकळी बघायची आणि बाहेर येऊन सांगायचं. सावली थंडगार होती, बसायला जमीन गुळगुळीत होती. आपल्याला आता पाकळ्या दिसत नाहीत, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

पहिली काही वर्षं नीट गेली. मग एकदा पालखीचा पहिला मान खोताच्या घराला द्यायचा का, असा कौल होता. आत समईच्या उजेडात भानजी पाकळ्यांकडं बघत बसला होता. डावी पाकळी सुटायला आली होती. खोत मागून हळूच म्हणाला, "उजवी पडली रे, भानजी." आणि उठून बाहेर जाऊन त्यानं तसं सांगूनही टाकलं. भानजी बाहेर आला तेव्हा ताशे वाजायला लागले होते. वाजत्या ताशात नाही कसं म्हणायचं? मानाचीच तर गोष्ट, कुणाच्या तोंडचा घास जात नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण त्या रात्री त्याला अन्न गेलं नाही, असं सांगतात. आणि त्यानंतर गावातली माणसं अडलं नडलं विचारायला परस्पर खोताच्या ओटीवर जाऊ लागली. देवीचं मन खोताला कळतं, अशी बोलवाच झाली होती.

मग एका चैत्रात खोत झऱ्याच्या पन्हळीपाशी आला. भानजी देवीचे तांबे घासत होता. खोतानं मान वर करून देवराईतल्या सागांकडं आणि ऐनांकडं बघितलं, अंदाज घेतल्यासारखं, आणि म्हणाला, "बंदरात तीन नवी गलबतं बांधायची आहेत. एवढं लाकूड दुसरीकडं कुठं मिळणार? देवीला विचारू. अमावस्येनंतरच्या मंगळवारी कौल लाव."

भानजीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. रान गेलं तर झरा जाणार, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. त्यानं कसंबसं म्हटलं, "आनि नकार आला तर?"

"येणार नाही," खोत हसून म्हणाला. हसू खरंच मायेचं होतं. "तू आतच असशील ना. मीही असेन. आणि भानजी, गुरव काही एकाच घरात जन्मत नाहीत. घाटावर पुष्कळ आहेत."

भानजी घरी आला तो ओटीवर बसून राहिला. सोनकीनं दोनदा हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. शेवटी त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि रिकामा हंडा त्याच्या पुढ्यात आणून ठेवला. "ह्यो पुढच्या वैशाखात कुठं भरू, तेवढं सांगा," म्हणाली. होय म्हटलं तर गावाचं पाणी जाणार होतं, नाही म्हटलं तर पिढ्यांची पूजा आणि राहतं घर. आणि नाही म्हटलं तरी ऐकणार कोण? ज्याची पेज खाऊन गाव जगलं, त्याच्या शब्दापुढं एका गुरवाचा शब्द तो काय.

मंगळवार उजाडला. मंडप माणसांनी भरला होता. लाकूड कुठून तोडायचं हे बघायला बंदरातले सुतार सकाळीच आले होते आणि देवराईच्या कडेला खांद्यावर कुऱ्हाडी घेऊन बसले होते. ते बघून बायांचे चेहरे उतरले. तरी कुणी ब्र काढला नाही. ज्याच्या अंगावर बघावं त्याच्या अंगावर खोतानं दिलेलं काही ना काही होतं, कुणाचं उपरणं, कुणाचं लुगडं, कुणाच्या पोराच्या कानातले डूल.

भानजी आणि खोत आत गेले. दार लोटलं गेलं. भानजीनं पाकळ्या ओल्या केल्या, शिळेला लावल्या, गाऱ्हाणं घातलं. समईची ज्योत हलत होती. खोताचा श्वास त्याला मानेवर जाणवत होता. बराच वेळ काही झालं नाही. मग डावी पाकळी सुटली आणि शिळेच्या पायाशी पडली.

भानजीनं मागं वळून बघितलं. खोत वाकला, पाकळी उचलली, तांब्यात बुडवली आणि पुन्हा शिळेला चिकटवली. देवीच्या अंगाला गुरवाशिवाय कुणी हात लावत नसे. थोड्या वेळानं डावी पाकळी पुन्हा पडली. तेव्हा खोतानं हात पुढं केला, उजवी पाकळी बोटानं खाली ओढली आणि शांतपणे म्हणाला, "पडली. जा, सांग."

भानजी दाराबाहेर आला. बाहेरच्या उजेडानं त्याचे डोळे दिपले. समोर सगळा गाव, कडेला कुऱ्हाडी, आणि पाठीशी खोत. सांगतात, की तो इतका वेळ उभा राहिला की बाया कुजबुजायला लागल्या. त्याला खोताला खोटं म्हणवत नव्हतं, आणि खोटं बोलवतही नव्हतं. शेवटी त्याच्या तोंडून शब्द आले ते असे: "आत काळोख हाय. माजा भरवसा नाय. उजेडात लावूया."

खोत पुढं आला. "काळोख कसला? मी बघितलं ना. देवीनं उजवा कौल दिला आहे."

खालच्या वाडीची ठकू म्हातारी खांबाला टेकून बसली होती. तिला उभं राहायलाही वेळ लागला. "खोत," ती म्हणाली, "दिलंत तुमी. मागताय पन तुमीच. आनि देवी काय बोल्ली ते सांगताय पन तुमीच. मग मदी तिला कशाला बसवलीत?"

रायाजी खोताला असं कुणी कधी बोललं नव्हतं. त्याचा चेहरा काळवंडला. त्याला राग आला तसं वाईटही वाटलं असावं, कारण आपण गावासाठी एवढं केलं हे त्याच्या मनात खरंच होतं. तो ओरडला, "उजेड पाहिजे तुम्हाला? छप्पर माझं आहे. भिंती माझ्या आहेत. आत्ता उतरवून नेतो. मग बसा उन्हात तुमच्या देवीला घेऊन!"

गाव पाया पडेल, नको नको म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. दोघेतिघे उठलेही. पण त्यांच्या आधी भानजी बोलला. जन्मभर कुणाला नाही न म्हणालेला माणूस, याही वेळी नाही म्हणाला नाही. "उतरवा," म्हणाला.

आता शब्द मागं घेणं खोताला कमीपणाचं होतं. त्यानं सुतारांना हाक मारली. देवराईला लावायला आणलेली हत्यारं छपराला लागली. तांब्याचे पत्रे खडखडत खाली आले, फळ्या सुटल्या, दार निघालं. दगडी खांब तेवढे राहिले, कारण ते ओढायला बैल पुरले नसते. उन्हं कलायच्या सुमाराला देवीच्या शिळेवर ऊन पडलं. किती वर्षांनी लोकांनी तिला उघड्यावर बघितलं. म्हाताऱ्या बाया रडल्या.

भानजीनं सगळ्यांसमोर पाकळ्या लावल्या आणि मागं सरला. आता लपवायला जागा नव्हती, पण धाकधूक त्यालाच जास्त होती. समजा, उजेडातही उजवी पडली तर? तर ते मान्य करावं लागणार होतं.

पाकळ्या पडेनात. ऊन चटका देत होतं, शिळा तापली होती, पाणी केव्हाच सुकलं असेल, तरी दोन्ही पाकळ्या कोरल्यासारख्या जागच्या जागी. खोत पत्र्यांच्या राशीवर बसून बघत होता. "रुसली," तो म्हणाला. "घर मोडलंत तिचं, आता कशाला बोलेल?" मागून कुणीतरी म्हणालं, पत्रे परत चढवूया. दुसऱ्यानं मान हलवली. भानजीला वाटलं, संपलं.

तेवढ्यात सोनकी उठली. तिनं पितळेची समई उचलली, खोताच्या पायाशी नेऊन ठेवली आणि गावाकडं वळून म्हणाली, "अजून त्यांचं पुष्कळ हाय आपल्याकडं. मिंध्या मानसांच्या देवीनं बोलावं तरी कसं?"

मग भोयांनी पालखी आणली. मुखवटा आला. खेळ्यांनी झगे आणि चाळ आणले. पुरुषांनी खांद्यावरची उपरणी काढली, बाया घरी जाऊन जुनी लुगडी नेसून आल्या, पोरांच्या कानातले डूल निघाले. दुष्काळातली पेज परत देता येत नव्हती, म्हणून एका म्हाताऱ्यानं ओंजळभर तांदूळ ढिगावर ठेवला आणि हात जोडले. ढीग मोठा होत गेला. खोत एकेक वस्तू ओळखत होता, आणि त्याची मान खाली जात होती.

पाकळ्या तरीही पडेनात.

सगळा गाव बुचकळ्यात पडला. आता कुणाकडं काय उरलं? भानजीनं सोनकीकडं बघितलं. ती त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती. ती त्याच्या उजव्या हाताकडं बघत होती.

ज्या हातानं पाकळ्या लावल्या त्याच हातात कडं होतं. इतकी वर्षं अंगावर होतं, की ते आहे हेच तो विसरला होता. तो ओढू लागला. कडं घातलं तेव्हा सैल होतं, पण बऱ्या दिवसांत मनगट भरलं होतं. कडं निघेना. तेल लावलं, तरी निघेना. सगळा गाव बघत होता, खोतही बघत होता. शेवटी भानजीनं दात खाऊन हिसका दिला. कडं निघालं ते मनगटाची साल घेऊनच. त्यानं ते रक्तासकट ढिगावर ठेवलं.

आणि डावी पाकळी पडली.

कुणी आरोळी ठोकली नाही, कुणी ताशा वाजवला नाही. सुतारांनी आपली हत्यारं गोळा केली आणि ते उतारानं चालू लागले.

खोताचं पुढं काय झालं, असं पाहुणे हमखास विचारतात. त्याचा निर्वंश झाला, गलबतं बुडाली, असं ऐकायची त्यांची इच्छा असते. तात्या मान हलवतात. काही झालं नाही. तो बंदरात राहायला गेला, सुखानं जगला, आणि तेच तांब्याचं छप्पर त्यानं खाडीपलीकडच्या एका देवीला दिलं. तिथल्या गाण्यात त्याच्या पणजाचं स्वप्न अजून गातात म्हणे. भानजीला मात्र पुन्हा पावसात भिजत पूजा करावी लागली आणि म्हातारपणी त्याचं अंग फार दुखायचं. पण झरा राहिला.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. पुढच्या शिमग्यात खेळ्यांनी गणातून खोताच्या पणजाला काढलं आणि त्या जुन्या बाईचं नाव घालायला गेले, तर ते कुणालाच आठवेना. ठकू म्हातारीला विचारलं. "माजी आजी गायची ता नाव," ती म्हणाली, "पन मी पन नवाच गाना गात व्हते. चाल गोड व्हती." आणि ती ढसाढसा रडली.

आजही कुंभरवण्यात कौल लावण्याआधी गुरव दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे करून गावाला दाखवतो. आजही ज्यानं देवीला काही दिलं, त्यानं ते वर्षभर कौल मागायचा नाही, मग त्यानं नारळ दिलेला असो की सभामंडप. मागच्या निवडणुकीआधी एक मोठे पुढारी स्लॅब घालून द्यायला आले होते. तात्यांनी त्यांना चहा पाजला, ही गोष्ट सांगितली आणि विचारलं, "साहेब, द्यायला आलाव का मागायला?" ते हसले, आणि गाडीत बसून गेले.

आणि आजही शिमग्याच्या रात्री गण चालतो तेव्हा झरा फुटल्याच्या ओळीवर मृदंग थांबतो, झांजा थांबतात, आणि त्या बाईच्या नावाच्या जागी सगळा गाव उभा राहतो. तेवढा वेळ फक्त झऱ्याचा आवाज येतो. तिथं घालायला नावं पुष्कळांनी सुचवली, काहींनी पैसेही देऊ केले. ती जागा गावानं अजून कुणाला दिलेली नाही.